रिफ्रेश मारून पीसी फास्ट होत नाही हो

गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुणाच्याही घरी बघा, पीसी चालू झाला की राइट क्लिक करून चारपाच वेळा रिफ्रेश ठरलेलं, का तर म्हणे रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती मेमरी, साफ होते. होत नाही! विंडोजमधलं रिफ्रेश डेस्कटॉपवरचे आयकॉन परत दाखवतं, बस, रॅमला हातसुद्धा लावत नाही.

स्लो असायचं कारण बऱ्याचदा जुनी हार्डडिस्क, तिच्यात तबकडी फिरते, मिनिटाला 5400 नाहीतर 7200 फेरे, आणि विंडोजला बारीक बारीक फायली शंभर ठिकाणाहून वाचायच्या असतात म्हणून तिचं वाचणारं हेड नुसतं इकडून तिकडे पळत असतं, एसएसडीत (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) फिरणारं काहीच नाही त्यामुळे साधी, साटा केबलची एसएसडी टाकली तरी जुना पीसी इतका फास्ट होतो की ओळखू येत नाही. (डेटाचा बॅकअप आधी घ्या, प्लीज.) रॅम 4 जीबी असेल तर 8 करा. टास्क मॅनेजरच्या स्टार्टअपमधे जाऊन पीसीबरोबर आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्रॅम बंद करणं तर फुकटातलं काम.

आणि आपल्याकडची दमट हवा, धूळ पंख्याला चिकटूनच बसते, मग प्रोसेसर तापला की स्वतःच स्पीड उतरवतो. गणेश चवथीला घर झाडताना कॅबिनेटपण उघडा, फक्त प्लग काढून.