पाकळ्या मोजू नका, फूल उलटं करा

नारिंगी-पिवळ्या रानफुलाचा फोटो काढला की ॲप लगेच नाव सांगतं, तेही टक्केवारीसकट. ती टक्केवारी म्हणजे चित्रं किती जुळली याचा अंदाज. त्याला ओळख पटणं म्हणत नाहीत. पिवळ्या कॉसमॉसच्या बाबतीत तर झेंडूपासून बायडेन्सपर्यंत (कॉसमॉसच्या जवळच्या नात्यातली झाडं) काहीही उत्तर येतं.

फूल आधी उलटं करा. खाली हिरव्या छदांची, म्हणजे फुलाखालच्या पानांसारख्या पात्यांची, दोन वर्तुळं दिसतात: बाहेर आठ अरुंद, आत आठ रुंद आणि पातळ. झेंडूत हीच छदं एकमेकांना चिकटून पेला होतो. झेंडू इथेच बाद.

आता सुलट करा. हे एक फूल नाहीच, तो फुलांचा गुच्छ आहे. कडेच्या आठ ‘पाकळ्या’ म्हणजे आठ वांझ किरणपुष्पकं, कडेची पाकळीसारखी छोटी फुलं. त्यांत पराग नाही, बीजही नाही. खरा संसार मधल्या बिंबपुष्पकांचा, म्हणजे चकतीतल्या इवल्या फुलांचा. ती कडेकडून मध्याकडे उमलत जातात. भिंगाखाली एकच पुष्पक धरा. पाच परागकोश कडेला जुळून गडद रंगाची नळी झालेली असते आणि पराग नळीच्या आतच सांडतात. मग खालून किंजल, म्हणजे मादी भागाचा दांडा, वाढू लागतो आणि पिचकारीतल्या दट्ट्यासारखा पराग वर ढकलतो. त्या वेळी त्याच्या दोन्ही शाखा मिटलेल्या असतात. पराग बाहेर पडल्यावरच त्या उघडतात आणि किंजल्काचा (किंजलाच्या टोकाचा) आतला, पराग झेलणारा भाग मोकळा होतो. म्हणजे एकच पुष्पक आधी नर, नंतर मादी! सूर्यफूल कुळातल्या हजारो जाती असंच वागतात, त्यामुळे यावरून कूळ ठरतं, जात नाही.

प्रजातीसाठी (जवळच्या जातींचा गट, जसा कॉसमॉस) फळ पिकेपर्यंत थांबावं लागतं. कॉसमॉसचं फळ बारीक, लांब असतं आणि टोकाला निमुळती चोच असते. चोचीवर बहुधा दोन-तीन कुसळं, त्यांना उलटे काटे. बायडेन्सलाही अशी कुसळं असतात, पण चोच सहसा नसते. त्यात पिवळा-नारिंगी रंग आणि समोरासमोर येणारी, बारीक चिरलेली पानं जमेस धरली की नाव पक्कं होतं: कॉसमॉस सल्फ्यूरियस. हे नाव १७९१ मध्ये स्पॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ काव्हानियेस यांनी दिलं.

हे झाड परकं आहे, हे मात्र फुलावर कुठेच लिहिलेलं नसतं. ते नात्यागोत्यावरून कळतं. कॉसमॉसच्या सगळ्या जाती मूळच्या अमेरिका खंडांतल्या, बहुतेक मेक्सिकोतल्या. बाकी जगात ही जात बागेसाठी नेली गेली आणि कुंपणाबाहेर पडली. परकी आहे म्हणून ती विषारी ठरत नाही, आणि नुसती परकी आहे म्हणून आक्रमकही म्हणता येत नाही. आक्रमक म्हणायला ती पसरते आहे आणि तिथल्या मूळच्या झाडांना हटवते आहे, हे वर्षानुवर्षं नोंदी ठेवून दाखवावं लागतं.