बशीसारखा हात धरला म्हणून पिस्तूल स्थिर राहत नाही

वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर नवा माणूस आला की आधी त्याचा डावा हात बघावा. उजव्या हातात पिस्तूल आणि डावा तळवा मॅगझिनच्या, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीच्या, बुडाखाली, इराण्याकडे चहाची बशी धरल्यासारखा. सिनेमातले इन्स्पेक्टर वर्षानुवर्षं असंच धरत आले, म्हणून 'खालून आधार दिला की पिस्तूल हलत नाही' हा समज पक्का.

हलतं. वजन जेमतेम किलोभर, ते पेलायला दुसरा हात हवाच कशाला? प्रश्न झटक्याचा आहे. नळी मुठीच्या वर असते, त्यामुळे गोळी सुटली की पिस्तूल मागे ढकललं जातं आणि तोंड वर उचलतं. वर जाणाऱ्या वस्तूला खालून टेकू काय कामाचा! पिस्तूल बशीतून उठतं आणि दर गोळीला पकड नव्याने जमवत बसावं लागतं.

मग धरायचं कसं? उजवा हात पिस्तुलाच्या मुठीवर जमेल तितका वर घ्या. मुठीची डावी बाजू जिथे उघडी राहते तिथे डाव्या तळव्याची गादी घट्ट बसवा, बोटं ट्रिगर गार्डला (ट्रिगरभोवतीच्या कडीला) खालून भिडवून उजव्या बोटांवर गुंडाळा. अंगठे दोन्ही डावीकडेच, पुढे रोखलेले. डावा अंगठा मागून आडवा टाकलात तर मागे येणारी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, कातडं सोलते. एकदा सोललं की कोणी पुन्हा टाकत नाही. जोर डाव्या हाताचा जास्त, म्हणजे ट्रिगरचं बोट मोकळं राहतं. डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचावं.

ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांना मात्र यातलं काही लागू नाही. तिथे एकाच हाताने नेम धरायचा असतो. २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरने कांस्यपदकं मिळवली ती तशीच.