प्रतिजैविकांचा अतिवापर

जिवाणूजन्य रोगांवरची औषधे (प्रतिजैविके, बोलण्यात 'अँटिबायोटिक') गरज नसताना लिहून देणे. सर्दी, फ्लू, डेंग्यू आणि बहुतेक घसादुखी हे विषाणूंचे आजार. त्यांवर या औषधांचा उपयोग होत नाही. तरी पावसाळ्यात पुण्यात तापाची साथ आली की पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिसते.

या औषधांशी शहराचा संबंध जुना आहे. १९४४ साली आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात असलेल्या कस्तुरबांसाठी दुर्मिळ पेनिसिलिन विमानाने मागवले गेले. गांधीजींनी ते टोचू दिले नाही. दहाच वर्षांनी पिंपरीत 'हिंदुस्थान अँटिबायोटिक्स' हा सरकारी कारखाना उभा राहिला. आज हीच औषधे कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळतात.

सगळा दोष डॉक्टरांच्या अज्ञानाला देणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. ताप विषाणूचा की जिवाणूचा, हे नुसत्या तपासणीत अनेकदा ठरत नाही. कल्चरचा (नमुन्यातले जिवाणू वाढवून ओळखण्याच्या चाचणीचा) रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात आणि त्याचा खर्च गोळ्यांपेक्षा जास्त. रुग्णाला उद्या कामावर जायचे असते. नुसती पॅरासिटामॉल दिली तर तो पुढच्या गल्लीतला दवाखाना गाठतो. औषध कंपन्यांचे एमआर (विक्री प्रतिनिधी) येत असतातच. त्यात विषाणूचा ताप बहुधा चार-पाच दिवसांत आपोआप उतरतो, श्रेय गोळीला मिळते आणि पुढच्या वेळी रुग्ण तीच गोळी नाव घेऊन मागतो. खरी मेख जबाबदारीत आहे. औषध दिले नाही आणि न्यूमोनिया झाला, तर नातेवाईक त्याच डॉक्टरला जाब विचारतात. विनाकारण दिले तर नुकसान कदाचित काही वर्षांनी, भलत्याच माणसाचे होते, आणि त्याची तक्रार कोणाविरुद्ध करायची?

ते नुकसान म्हणजे प्रतिरोध: जिवाणू औषधाला दाद देईनासे होणे. औषधाने आतड्यातले संवेदनशील जिवाणू मरतात, तग धरणारे वाढतात आणि प्रतिरोधाची जनुके इतर जातींच्या जिवाणूंनाही देतात. मग मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गालाही तोंडी गोळ्या पुरत नाहीत. अतिदक्षता विभागात क्लेबसिएला हा जिवाणू कार्बापेनेम गटातल्या प्रभावी प्रतिजैविकांनाही दाद देत नाही, तेव्हा कोलिस्टिन हे राखीव औषध काढावे लागते. ते मूत्रपिंडांना अपाय करू शकते. एका जागतिक अभ्यासानुसार २०१९ मध्ये थेट प्रतिरोधामुळे सुमारे १२.७ लाख मृत्यू झाले.

१ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या, औषध नियमांतील 'एच-१' अनुसूचीनुसार (ठरावीक औषधांच्या यादीनुसार) त्यातील औषधे विकताना केमिस्टने डॉक्टर व रुग्णाचे नाव नोंदवून ती नोंद तीन वर्षे ठेवायची असते. औषध कशासाठी लिहिले, हा रकाना त्या वहीत नाही.