खपली काढल्याने जखम भरते का?

हिवाळा लागला की बेळगावात तिबेटी स्वेटरवाले दिसू लागतात. आपण लोकर चाचपतो, भाव करतो, निघतो. हुबळीच्या पुढे मुंडगोडला १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. ज्यांची आधीची पिढी हिमालय ओलांडून जीव वाचवत आली, त्यांच्या घरात त्या दिवसांबद्दल काय बोललं जातं, हे मी कधी विचारलेलं नाही. विचारू नये, असंच आपल्याकडे शिकवतात. झालं गेलं गंगेला मिळालं, खपली काढू नये.

पण युद्ध, छळ, डोळ्यांदेखत झालेले मृत्यू हे सगळं गंगेला मिळत नाही. लेकीचं लग्न आठवलं तर ते कुठल्या कार्यालयात, कोणत्या साली झालं हेही आठवतं, आणि तो दिवस सरला हे मनाला ठाऊक असतं. जिवावर बेतलेला प्रसंग मात्र तुकड्यातुकड्यांनी साठतो: जळका वास, किंकाळी, छातीतली धडधड. त्याला तारीख नसते, ठिकाण नसतं. म्हणून वीस वर्षांनी दार आपटलं तरी अंग आत्ताच्यासारखं थरथरतं. मग माणूस तो विषय, तो रस्ता टाळत जातो, आणि टाळल्यामुळेच भीती ताजी राहते. यालाच पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक विकार, म्हणतात.

जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातले मॅगी शाउअर, फ्रँक नॉयनर आणि थॉमस एल्बर्ट यांनी यावर कथनातून उपचाराची पद्धत बसवली. जमिनीवर दोरी अंथरायची. तो आयुष्याचा पट. सुखाच्या क्षणी फूल ठेवायचं, आघाताच्या जागी दगड. मग जन्मापासून क्रमाने सांगायचं. दगडापाशी आलं की थांबायचं: तेव्हा तू कुठे होतास, काय दिसलं, अंगात काय झालं, आत्ता काय होतंय? भीती ओसरेपर्यंत समुपदेशक सोबत राहतो. सांगितलेलं लिहून घेतो, पुढच्या बैठकीत वाचून दाखवतो, आणि शेवटी ती जीवनकथा त्या माणसाच्याच हातात देतो. तुकड्यांना तारीख-ठिकाण मिळतं.

हे टिकतं का? युगांडातल्या इम्वेपी वसाहतीत ४३ सुदानी निर्वासितांवर झालेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. कथनोपचाराच्या अवघ्या चार बैठका झाल्या होत्या. वर्षभराने त्या गटात २९ टक्के लोकांना पीटीएसडी उरला होता. नुसतं धीर देणारं समुपदेशन मिळालेल्यांत ७९ टक्के, आणि केवळ माहिती मिळालेल्यांत ८० टक्के. गट लहान होते, हे खरं. तरी छावणीतली हलाखी तशीच असताना वर्षभर टिकलेला हा फरक मला फार मोठा वाटतो.

पुढे युगांडातल्याच नाकिवाले वसाहतीत रवांडा आणि सोमालियाच्या २७७ निर्वासितांवर अभ्यास झाला. तिथे समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले निर्वासितच होते. नऊ महिन्यांनी कथनोपचार घेतलेल्यांपैकी ७० टक्के लोक पीटीएसडीच्या निकषांबाहेर आले. त्याच समुपदेशकांनी दिलेल्या आघात-समुपदेशनानेही ६५ टक्क्यांना तेवढाच गुण आला. उपचाराविना नुसतं निरीक्षणाखाली असलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के होतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा चढल्या आणि चिक्कोडी-गोकाक भागातली गावं शाळांमध्ये येऊन राहिली. पुराची आणि युद्धाची तुलना मी करणार नाही. पण कुठल्याही संकटात पहिल्या दिवसांतच माणसाला बसवून ‘सगळं बोलून टाक’ म्हणणं चूक आहे. जागतिक आरोग्य संघटनाही त्याविरुद्ध सांगते. तेव्हा कोरडी जागा, गरम चहा, हरवलेल्या माणसाचा शोध हवा. उपचाराची वेळ नंतर येते: सगळे घरी परतल्यावरही कुणी महिनोन्‌महिने पावसाच्या आवाजाने दचकून उठत असेल तेव्हा.

आणि ते बोलणं त्याच्या भाषेत व्हायला हवं. खानापूर-निपाणीकडची बाई कचेरीत कन्नडमध्ये अर्ज देऊ शकते, पण त्या रात्री काय झालं ते मराठीतच सांगेल. नाकिवालेसारखी गावातलीच माणसं इथे तयार करता येतील. तोवर १४४१६ हा ‘टेलि मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत नंबर आहे. तिथे भाषा निवडता येते, मराठीसुद्धा.