दारूने आक्रसलेला मेंदू पुन्हा भरतो का?

जानेवारी २००७ मध्ये ‘ब्रेन’ या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतल्या वुर्झबुर्ग विद्यापीठाचे आंद्रेआस बार्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला. या गटात जर्मनीबरोबरच ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि इटलीतले संशोधक होते. दारूच्या आहारी गेलेल्या १५ जणांच्या मेंदूचे एमआरआय त्यांनी दोनदा काढले, दारू सुटल्याबरोबर एकदा आणि साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा. मेंदूचं आकारमान सरासरी जवळपास २ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. बातम्या अर्थातच ‘दारू सोडा, मेंदू वाढवा’ छापाच्या झाल्या. पण या २ टक्क्यांमागे कितीतरी वर्षांचा वाद होता, तो त्या बातम्यांत कुठेच नव्हता.

दारू मेंदू खाते, हे डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. १८८१ मध्ये कार्ल वेर्निके यांनी तीन रुग्णांची हकिकत लिहिली. डोळ्यांच्या हालचाली बिघडलेल्या, तोल जाणारा, मन भ्रमिष्ट. काही वर्षांनी मॉस्कोत सेर्गेई कोर्साकोव्ह यांनी स्मृती पार विस्कटलेले मद्यपी पाहिले. गंमत अशी की वेर्निकेंच्या तिघांपैकी दोघेच दारुडे होते. तिसरी एक शिवणकाम करणारी तरुणी होती. तिने गंधकाम्ल प्यायलं होतं आणि त्यानंतर तिच्या उलट्या थांबतच नव्हत्या. म्हणजे दोष एकट्या दारूचा नव्हता, पोटात अन्न न टिकण्याचाही होता. ब-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची ही कहाणी पुढे उलगडली, आणि ‘दारूने किती, उपासमारीने किती’ हा प्रश्न या संशोधनाच्या मानगुटीवर कायमचा बसला.

जिवंत माणसाचा मेंदू पाहायचा तर सीटी स्कॅन येईपर्यंत मुख्य मार्ग एकच होता, तोही अघोरी. वॉल्टर डँडी या अमेरिकी शल्यविशारदाने १९१९ च्या सुमारास तो काढला. पाठीच्या कण्यात सुई खुपसायची, मेंदूभोवतीचं पाणी थोडं-थोडं काढायचं आणि त्याच्या जागी हवा भरायची. मग रुग्णाला खुर्चीला बांधून कधी पुढे वाकवायचं, कधी उलटं करायचं, म्हणजे हवेचा बुडबुडा मेंदूतल्या पोकळ्यांतून फिरेल आणि क्ष-किरणांत त्या पोकळ्यांची कड उमटेल. भयंकर डोकेदुखी, उलट्या, पुढचे काही दिवस अंथरुणात. या तपासणीत कित्येक मद्यपींच्या पोकळ्या रुंदावलेल्या, म्हणजे मेंदू आक्रसलेला दिसला. पण कोणाच्या तुलनेत? धडधाकट, दारूला न शिवणाऱ्या माणसाच्या डोक्यात केवळ तुलनेसाठी हवा कोण भरणार? तेव्हा त्या काळातल्या निष्कर्षांखाली मुळात पायाच कच्चा होता, असं माझं मत आहे.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळ विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन घेतला. चित्र ८० बाय ८० ठिपक्यांचं, आजच्या मोबाइलवरच्या चिन्हाइतकंही स्पष्ट नव्हे. पण सुई नाही, हवा नाही, शिवाय तोच माणूस पुन्हा तपासता येतो. या ‘पुन्हा’मुळेच सगळं बदललं. १९७८ मध्ये टोरांटोच्या पीटर कार्लन यांच्या गटाने आठ मद्यपींचे दोन-दोन स्कॅन ताडून पाहिले. दारूपासून लांब राहून ज्यांची तब्येत सुधारली, त्यांच्या मेंदूतली झीज अंशतः भरून आलेली दिसली.

त्यावर लगेच शंका निघाली, आणि ती रास्तच होती. दारूने शरीरातल्या पाण्याचा समतोल बिघडतो. मग ही भरपाई म्हणजे सुकलेल्या पेशींत पाणी परतलं, एवढंच तर नसेल?

उत्तराचा एक धागा ऑस्ट्रेलियातल्या पर्थमधल्या शवविच्छेदनगृहात मिळाला. क्लाइव्ह हार्पर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलं की मद्यपींच्या मेंदूत घटतो तो मुख्यतः पांढरा भाग, म्हणजे पेशींना एकमेकींशी जोडणाऱ्या तारा. हा भाग काही प्रमाणात पुन्हा बांधला जाऊ शकतो. पुढे त्याच गटाला कपाळामागच्या भागात चेतापेशीही कमी झालेल्या आढळल्या. त्या मात्र गेल्या की गेल्या. जाता जाता हार्पर यांनी डॉक्टरांनाही आरसा दाखवला. शवविच्छेदनात वेर्निकेंचा आजार सापडलेल्या १३१ जणांपैकी जिवंतपणी निदान झालं होतं ते फक्त २० टक्क्यांचं. ऑस्ट्रेलियाने १९९१ पासून पावाच्या पिठात ब-१ घालणं सक्तीचं केलं.

एमआरआय आल्यावर कॅलिफोर्नियात अ‍ॅडॉल्फ फेफरबाउम आणि एडिथ सलिव्हन यांनी करडा, म्हणजे चेतापेशींचा, आणि पांढरा भाग वेगवेगळा मोजला. वय वाढेल तसा दारूचा फटका जास्त बसतो, हे त्यातून पुढे आलं.

बार्च यांच्या अभ्यासाचं मोल कळतं ते इथे. त्यांनी नुसतं आकारमान मोजलं नाही, त्याच एमआरआयने मेंदूतली रसायनंही तपासली. पेशींच्या आवरणांशी निगडित कोलीन आणि चेतापेशींच्या आरोग्याची खूण मानलं जाणारं एनएए, दोन्ही वाढलेली निघाली. केवळ पाणी भरून हे होत नाही. एका रुग्णाचा मेंदू मात्र दारू सोडूनही आक्रसतच राहिला. सगळ्यांत जास्त काळ, २५ वर्षं, पिणारा तोच होता.

१५ जणांवरून किती बोलायचं, हा आक्षेप उरलाच. तो दूर करायला पुढे प्रयोगशाळा एकत्र आल्या. एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने २०१९ मध्ये २३ प्रयोगशाळांतले तीन हजारांवर स्कॅन एकत्र करून निरनिराळी व्यसनं तपासली. त्यांत सर्वाधिक घट दारूच्या वाट्याला आली. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या ३६ हजारांहून अधिक प्रौढांचे स्कॅन पाहिल्यावर बेताने पिणाऱ्यांतही मेंदूचं आकारमान कमी आढळलं. ‘रोज थोडी घेतली तर बाधत नाही’ म्हणणाऱ्यांची यात पंचाईत आहे.

अर्थात एका वेळच्या स्कॅनवरून कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे ठरत नाही. बेंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेत विवेक बेनेगल आणि सहकाऱ्यांनी मद्यपींच्या घरातली, पण स्वतः दारू न चाखलेली मुलं-तरुण तपासले. भावनांशी संबंधित असलेला अमिग्डाला हा भाग त्यांच्यात आधीच लहान होता. म्हणजे आज मद्यपीच्या स्कॅनमध्ये जे कमी दिसतं, त्यातलं काही पहिल्या घोटाच्याही आधीचं असू शकतं. ते वेगळं काढायचं तर मुलांना दारूच्या आधीपासून गाठून वर्षानुवर्षं पाहावं लागतं. युरोपातला इमॅजेन हा प्रकल्प चौदा वर्षांच्या मुलांपासून सुरू झाला तो यासाठीच, आणि निमहान्सच्या पुढाकाराने भारतातही ब्रिटनच्या सोबतीने असंच काम हाती घेतलं गेलं आहे.