डोळ्यातलं पाणी की जीन? रंग दिसण्यामागचा शोध

अणुसिद्धांतवाले जॉन डाल्टन स्वतः कलर ब्लाइंड होते. जिरेनियमचं जे फूल बाकीच्यांना गुलाबी, ते त्यांना दिवसा आकाशी दिसायचं आणि मेणबत्तीच्या उजेडात लाल, आणि त्यांच्या भावालाही अगदी तसंच, म्हणजे घराण्यातलंच काहीतरी. पण १७९४ मध्ये मँचेस्टरला त्यांनी भलतंच स्पष्टीकरण मांडलं, की आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असणार आणि तोच लाल प्रकाश अडवत असणार. मेल्यावर डोळे उघडून बघा असंही सांगून ठेवलं. १८४४ मध्ये ते वारले, डॉक्टरने बघितलं तर द्रव स्वच्छ! थिअरी गेली, डोळ्यांचे अवशेष मात्र जपले गेले, आणि १९९५ मध्ये त्यातल्या डीएनएवरून कळलं की मधल्या तरंगलांबीचं, म्हणजे ढोबळमानाने हिरव्याचं जीनच त्यांच्याकडे नव्हतं.

गंमत म्हणजे टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने डाल्टन हयात असतानाच हे जवळपास ओळखलं होतं. रेटिनात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यात, प्रत्येक रंगासाठी वेगळी सोय कशी मावेल, तीन प्रकार पुरेत, असा त्याचा तर्क, आणि डाल्टनमध्ये लालवाले तंतू नसावेत असंही तो म्हणाला. रंग चुकला, पण पत्ता बरोबर होता. पुढे मॅक्सवेल आणि हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांनी हे पक्कं केलं, तरी एकेका शंकू पेशीवर (रंग दिसण्यासाठी लागणारी रेटिनातली पेशी) प्रत्यक्ष मोजमाप व्हायला १९६४ उजाडलं. तिन्ही प्रकार ज्या तरंगलांबीचा प्रकाश सगळ्यात जास्त शोषतात, त्या साधारण ४२०, ५३० आणि ५६० नॅनोमीटर.

एकट्या शंकू पेशीला रंग कळतच नाही हं, तिला फक्त किती प्रकाश शोषला गेला एवढंच कळतं. रंग निघतो तो वेगवेगळ्या पेशींच्या सिग्नलची तुलना करून.

प्राण्यांचं काय? मधमाश्यांना रंग दिसत नाही असं जर्मन नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस ठासून सांगायचा. प्राणीशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिशने १९१४ च्या सुमारास करड्या रंगाच्या फिकट-गडद कार्डांमध्ये एक निळं कार्ड ठेवलं, त्यावर साखरपाणी देऊन माश्यांना सवय लावली, मग जागा बदलून रिकाम्या बश्या ठेवल्या. माश्या तरीही निळ्यावरच! नुसता उजळ-अंधार कळत असता तर कुठल्या तरी करड्यावर नक्की फसल्या असत्या. लाल मात्र त्यांना काळ्यापासून वेगळा ओळखता येईना, आणि त्यांना अल्ट्राव्हायोलेट दिसतं हे नंतर कळलं.

पक्ष्यांकडे चार प्रकारच्या शंकू पेशी असतात, बहुतेक सस्तन प्राण्यांकडे दोनच, म्हणून कुत्र्याला सगळं ब्लॅक अँड व्हाइट दिसतं ही निव्वळ अफवा आहे, त्याला निळा-पिवळा व्यवस्थित कळतो. माणूस आणि जवळच्या माकडांमध्ये कधीतरी एका जीनची कॉपी झाली, ती थोडी बदलली आणि लाल-हिरवा वेगळा दिसायला लागला. हे दोन्ही जीन एक्स क्रोमोझोमवर, पुरुषांकडे तो एकच, त्यामुळे त्यांच्यात कलर ब्लाइंडनेस जास्त.

आणि मँटिस श्रिंप हा कोळंबीसारखा समुद्री प्राणी, ज्याच्या बारा प्रकारच्या रंगग्राही पेशींचं एवढं कौतुक होतं, २०१४ च्या प्रयोगात जवळजवळचे रंग ओळखण्यात आपल्यापेक्षा खूपच मागे पडला, बहुधा तो पेशींची तुलना करायच्या भानगडीतच पडत नसावा.