खेळातील बॉट अकाउंट : ओळख आणि तक्रार (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

विश्रामबाग, सांगली येथील आमच्या गेमिंग कॅफेत ‘समोर माणूस नाहीच, बॉट खेळतोय’ असे वाक्य आता रोज ऐकू येते. कित्येकदा ते खरे असते, काही वेळा नसते, आणि चुकीच्या तक्रारीचा फटका एखाद्या खऱ्या खेळाडूला बसतो. म्हणून हे पत्रक सवडीने वाचावे, ही विनंती.

बॉट म्हणजे माणसाच्या जागी खेळणारा प्रोग्राम. प्रत्येक बॉट नियमबाह्य नसतो. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडियामध्ये लॉबी (मॅचपूर्वी खेळाडू जमतात ती जागा) भरण्यासाठी बॉट असतातच, आणि फोर्टनाइटने २०१९ मध्ये जाहीर करून ते आणले. नवख्या खेळाडूची पहिली गाठ बहुधा त्यांच्याशीच पडते; त्यांची तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार करायची ती बाहेरच्या लोकांनी चालवलेल्या अकाउंटची, जी खेळातले सोने व वस्तू गोळा करून खऱ्या पैशांना विकतात किंवा मॅच नासवतात. टीम फोर्ट्रेस २ मध्ये अचूक नेम धरणाऱ्या बॉटांचा सुळसुळाट इतका वाढला की मे २०२२ मध्ये आणि पुन्हा जून २०२४ मध्ये खेळाडूंना मोहीम उभारावी लागली. लॉस्ट आर्क हा खेळ पाश्चात्त्य देशांत सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तोच मार्च २०२२ मध्ये त्यातील १० लाखांहून अधिक बॉट अकाउंट बंद करण्यात आली. अशा बॉटांमुळे खेळातल्या बाजारात मालाचा पूर येऊन भाव कोसळतात, आणि पंधरा दिवस खपून वस्तू मिळवणाऱ्या मुलाच्या कष्टाची किंमत उरत नाही.

ओळखायचे कसे, हे आमच्याच एका ग्राहकाच्या उदाहरणावरून सांगतो. तीन नंबरच्या मशीनवर बसणाऱ्या एका विद्यार्थ्याने ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये लाकूड तोडणाऱ्या एका खेळाडूवर पाऊण तास नजर ठेवली आणि प्रत्येक फेरीची वेळ वहीत टिपली. पिशवीतल्या २८ जागा ओंडक्यांनी भरल्या की तो खेळाडू बँकेत जाई आणि प्रत्येक वेळी नेमक्या त्याच चौकटींवरून परत येई. ते झाड दुसऱ्या कोणी आधीच पाडलेले असले, तरी शेजारचे उभे झाड सोडून तो बुंध्याशीच थांबून राही. थोड्या वेळाने, नावांत निरर्थक अक्षरे आणि आकडे असलेली आणखी चार अकाउंट त्याच वाटेने त्याच गतीने जाताना दिसली. अनपेक्षित घडले तरी वागण्यात बदल न होणे आणि अनेक अकाउंट एकाच साच्यात चालणे, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर संशयाला आधार आहे असे आम्ही मानतो.

एकट्या खुणेवर मात्र विसंबू नये. रटाळ काम तासन्‌तास करणारी माणसेही असतात. कुपवाडहून येणाऱ्या नववीतल्या एका मुलाने इंग्रजी चॅटला उत्तर दिले नाही, एवढ्यावरून त्याला बॉट ठरवून तक्रारी झाल्या आणि त्याचे अकाउंट काही दिवस बंद राहिले. त्याला प्रश्न कळला नव्हता, इतकेच. आपल्या भागातील कितीतरी चांगल्या खेळाडूंच्या बाबतीत हे होऊ शकते, याचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

तक्रार खेळातल्याच रिपोर्ट बटणाने करावी. ते बहुतेक खेळांत स्कोअरबोर्डवर किंवा खेळाडूच्या प्रोफाइलवर सापडते. नाव बदलता येते, म्हणून आयडीचा आकडा टिपून ठेवावा. स्टीम या गेम विकत घेण्याच्या व खेळण्याच्या सेवेवर हा आकडा १७ अंकी असतो आणि नाव कितीही वेळा बदलले तरी तोच राहतो. मजकुरात ‘हा बॉट आहे’ असा निकाल न देता, तारीख, वेळ, सर्व्हर, ठिकाण आणि डोळ्यांनी पाहिलेले वर्तन लिहावे, आणि शक्य असल्यास रेकॉर्डिंग किंवा स्क्रीनशॉट जोडावा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आयडी टाकून दहा जणांना रिपोर्ट करायला लावणे आम्हाला मान्य नाही, कारण त्यांतल्या नऊ जणांनी काहीच पाहिलेले नसते. इंग्रजीत मजकूर लिहिणे अवघड वाटत असेल, तर काउंटरवर विनामूल्य मदत मिळेल.

रिपोर्टनंतर ते अकाउंट दुसऱ्या दिवशीही खेळताना दिसले, तर निराश होऊ नये. पकडलेली अकाउंट अनेकदा काही काळ तशीच ठेवून एकदम बंद केली जातात, म्हणजे नेमक्या कोणत्या चुकीमुळे आपण सापडलो हे बॉट बनवणाऱ्याला उमगत नाही.

बॉटने चॅटमध्ये पाठवलेली लिंक उघडू नये व खेळातले सोने परक्याकडून विकत घेऊ नये. त्यात पैसे गेले असतील, तर वेळ न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.

आमच्या सर्व मशीन एकाच इंटरनेट जोडणीवर चालतात, त्यामुळे कंपनीला इथली अनेक अकाउंट एकाच इंटरनेट पत्त्यावरून (आयपी अ‍ॅड्रेस) आलेली दिसतात. काही खेळ तर अकाउंटबरोबर मशीनवरही बंदी घालतात. म्हणून पेनड्राइव्हवरून ऑटो-क्लिकर किंवा मॅक्रो (आपोआप क्लिक करणारे किंवा बटणे दाबणारे प्रोग्राम) येथे चालवू नयेत. तसे आढळल्यास ते सत्र तिथेच थांबवले जाईल.